माकेरीतामावशीच्या अंगणातली जागा

माकेरीतामावशी रोज सकाळी वडिलांची कबर ओल्या फडक्याने पुसायची आणि तिच्यावर उशा उन्हात घालायची. आमच्या सवाई बेटावर कबरी घरासमोरच असतात. ज्याचं माणूस अंगणात पुरलेलं, त्याची जमीन, एवढा साधा हिशेब. अडचण अशी की त्याच जागेवर मावशीच्या चुलतबहिणीचा, तालोसागाचाही हक्क निघत होता. तालोसागा तरुणपणी ऑकलंडला गेली, तिथेच संसार केला. दावा मात्र इथे लावून ठेवला. आपल्यामागे घर लेकीला, इओआनाला मिळावं, एवढीच मावशीची इच्छा. कोर्टात तारखा पडत राहिल्या.

मध्यंतरी परदेशातून एक बाई आल्या. कुठल्या देशात जमीन नावावर व्हायला किती वेळ लागतो, हे त्या ताडून पाहत होत्या. न्यूझीलंडमध्ये फार लवकर होतं, म्हणाल्या. इथे मोजायचं कधीपासून, यावर मात्र त्या अडल्या. वडिलांना पुरलं त्या दिवसापासून धरा, असं मावशीने सुचवलं, आणि विचारलं, "तुमच्याकडे नोंदणीआधी गावाला जेवू घालावं लागतं का?"

"नाही."

"मग लवकर होणारच, बाई."

त्या जेवून गेल्या.

पुढच्या वर्षी तालोसागा वारली. तिचा मुलगा लाफाएले शवपेटी घेऊन विमानाने आला आणि आईला मावशीच्या अंगणातच पुरायचं म्हणाला. कुंपणाजवळचा कोपरा दिला तरी चालेल, म्हणाला. कशासाठी, ते अख्ख्या गावाला कळत होतं. त्याचं रडणं खरं होतं, आणि शेजारी त्याचा वकीलही होता.

गावचे प्रमुख चटईवर बसले. मावशीने नाही म्हटलं असतं, तर त्यांनी तिचा शब्द राखला असता. इओआना तिच्या कानाशी लागली.

"आई, इथे कबर झाली की घर गेलं समज. तालोसागामावशीला चर्चच्या आवारात जागा आहे की."

मावशी पेटीकडे बघत राहिली.

"आम्ही दोघी एका चटईवर झोपून मोठ्या झालो. ती भांडायला आलेली नाही, इओआना. तिला उन्हात ठेवू नका."

मग तिने आपल्या आईने विणलेली, स्वतःच्या मरणासाठी जपलेली बारीक विणीची चटई काढून पेटीवर घातली. कोपऱ्यात दगड फार लागतो, म्हणून खड्डा वडिलांच्या कबरीलगतच घ्यायला सांगितला.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, ही दुसरी कबर कोणाच्या परवानगीने झाली? या प्रश्नासाठी लाफाएलेच्या वकिलाने बरीच तयारी केली होती. मावशी म्हणाली, "माझ्या." तयारी वाया गेली. जमीन दोन्ही घरांची, असा निकाल लागला. इओआना पुढे कितीतरी दिवस आईशी कामापुरतंच बोलली.

लाफाएले त्यानंतर दर नाताळला यायला लागला. मालकच तो, म्हणून मावशी त्याला नारळ सोलायला बसवायची. गेल्या नाताळात ती अंथरुणाला खिळलेली होती. मागच्या चुलीपाशी लाफाएले आणि इओआना, नवी न्हाणी कोणाच्या बाजूला बांधायची, यावरून वाद घालत होते. दोघांचाही आवाज चढला होता. मावशीने आतून हाक मारली.

"लाफाएले, निरफणस उलटव. करपतोय."