फ्लॅश पेटला

महाडच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. बिघडलेल्या वस्तूशी ते लेकीशी बोलावं तसं बोलतात. तुडील गावातल्या लग्नाचे फोटो काढायला निघालो, तर माझा फ्लॅश पेटेना. मुहूर्ताला तासभर उरला होता. मी काकांचं दुकान गाठलं. काकांनी फ्लॅशची वायर खोडरबराने घासली, कॅमेऱ्याला जोडून बोटाने दाबली. "काय झालं गो बाय? बोल की!"

लख्ख उजेड पडला! बोट काढताच पुन्हा बंद.

"आता सोल्डरिंगला वेळ नाय. मीच धरतो, चल!" दुकानाचं शटर ओढून काका माझ्या गाडीवर बसलेसुद्धा.

अंतरपाट दूर झाला तेव्हा ते मला चिकटून, वायर दाबून उभे होते. मी बटण दाबलं. "पेटला रे, पेटला!" काका मांडवभर ओरडले.

लगेच काढलेल्या पुढच्या फोटोत नवरी नवऱ्याकडे नाही, काकांकडे बघून खळखळून हसते आहे.