पडद्याशेजारचा आवाज

सिनेमा मुका होता तेव्हाची गोष्ट. धुळ्याला पांझरेच्या वाळूत तंबू लागायचा आणि पडद्याशेजारी उभा राहून एक लुकडा माणूस लोकांना गोष्ट सांगायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी पडद्यावर एक गोरी मुलगी हरवली होती आणि तिचा कुत्रा तिला शोधत होता. तिची मडम आई नुसते ओठ हलवत होती आणि हा आमच्या अहिराणीत रडत होता, "मनी पोर कोठे गयी?" बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मग त्यानं तोंडाशी ओंजळ धरून कुत्र्याचं भुंकणं काढलं, तर नदीपलीकडून देवपूरची खरी कुत्री उत्तर द्यायला लागली. तंबूभर टाळ्या पडल्या.

खेळ सुटल्यावर मी त्याची तारीफ केली. टोपी सरळ करत तो म्हणाला, "टाळ्या मानसे कोनलेबी वाजाडतस, भाऊ. कुत्रं खोटा आवाजले जबाब देत नही."

पुढे बोलपट आले आणि त्याचं काम गेलं. वाळूतल्या त्याच तंबूत अशाच एका बोलपटात कुत्रा स्वतःच्या आवाजात भुंकला. मी मुद्दाम बाहेर कान लावला. देवपूरचं एकही कुत्रं बोललं नाही.