दुर्गाबाईची झाकणाची शेगडी

केनवडात शेगडी लिंपायची तर दुर्गाबाईकडेच, असं तेव्हा होतं. कुंभार शेगडी घडवायचा, लोक ती वापरून तडकवायचे आणि तिच्या ओसरीवर आणून ठेवायचे. काळी माती, राख, घोड्याची लीद आणि पिंजलेला कापूस मळून ती तडे बुजवायची. आमच्या घराला तिच्या घराची भिंत लागून. बोलायला फटकळ बाई, पण हाताला गुण होता.

शहात्तर सालच्या थंडीत तिची एकुलती एक लेक भागिरथा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दुर्गाबाईचा स्वतःचा नवरा बहात्तरच्या दुष्काळातच गेलेला. लेकीसाठी काय करू अन् काय नको, असं दुर्गाबाईला झालं होतं.

किराणावाल्या घेवरचंदांच्या सूरजबाईंनी एक झाकणाची शेगडी अडगळीत टाकली होती. झाकणाचा काठ झिजलेला, खालचं तोंड बंद करायची खापरी सैल. चहूकडून हवा शिरायची आणि कोळसा भडकून लवकर राख व्हायचा. दुर्गाबाईने ती मागून आणली. काठावर नवा थर दिला, वाळू टाकून झाकण त्यावर घासघासून बसवलं, खापरीच्या कडा भरल्या. मग आत ओली गोवरी पेटवून शेगडीभोवती तोंड नेऊन पाहिलं. झाकणावरच्या बारीक भोकातून तेवढा धूर निघत होता, कडेने कुठूनच नाही.

"पाह्य वं," ती मला म्हणाली, "आता कोयशाचा इंगय रातभर जिता राह्यते. धुरानं लेकराचे डोये जायाची भीती नाई."

धुराची भीती तिला ठाऊक होती. कोळसा अंगणात फुलवून, धूर पार गेल्यावरच ती शेगडी आत न्यायची. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीची खिडकी तिने पोतं लावून लिंपून टाकली होती. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. आम्ही सगळ्याच असं करायचो.

मुलगा झाला. दोन दिवसांनी भागिरथा म्हणाली, "मा, डोक्शात घन घातल्यासारखं होऊन राह्यलं. मयमयते बी, ओकारी येते."

"वारा शिरला तुह्या कानात," दुर्गाबाई म्हणाली. तिने लेकीच्या कानात बोळे घातले, डोक्याला फडकं बांधलं आणि दारावरच्या बोटभर फटीतही माती भरली.

त्या रात्री पोर रडायचं थांबेना. लेकीला झोप मिळावी म्हणून दुर्गाबाई त्याला घेऊन ओसरीवर आली आणि मागे दार घट्ट ओढून घेतलं. सकाळी डोकावली तर भागिरथा निजलेली, गाल लालबुंद. ऊब चांगली लागली म्हणून बरं वाटलं तिला. गोधडी नीट करून ती चहा ठेवायला गेली. चहा घेऊन आली तेव्हा कळलं.

वारा लागला, असं अख्खं गाव म्हणालं. मेडशीहून जावयासोबत व्याही उकंडराव आले होते. कडक माणूस, पण खोटा नव्हे. भागिरथाच्या मातीहून परतल्यावर ते म्हणाले, "घरात कुठंतरी फट राह्यली, इहीनबाई. तिथं आमचं लेकरू नाई ठेवनार. आठ दिवसानं येऊन नेतो."

दुर्गाबाईजवळ आता ते पोरच उरलं होतं. "फट दाखवा मले, मंग न्या," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिने शेगडी फुलवली, त्या रात्री होती तशीच झाकण लावून खोलीत नेली, उदबत्त्या घेतल्या आणि दार लावून फट शोधायला बसली. वारा कुठून येतो ते धूर दाखवील, हा तिचा हिशोब. मी बाहेर पोराला वाटीने शेळीचं दूध पाजत होते. बऱ्याच वेळाने दार उघडलं. ती रांगत बाहेर आली आणि अंगणात ओकली. डोकं दोन्ही हातांनी आवळून बसली.

"धूर सरका उभा जाते," ती म्हणाली. "फट नाई. कुठंच नाई." मग म्हणाली, "भागीचं डोकं असंच दुखत होतं."

तिने शेगडी बाहेर ओढून राखेने विझवली; भागिरथा कशाने गेली ते मलाही तेव्हाच कळलं.

उकंडराव सांगितल्याप्रमाणे आले. त्यांनी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, दाराच्या चौकटीला गाल लावून पाहिला. शेवटी टोपी काढून खाली बसले.

"फट नाई, इहीनबाई. बोलून गेलो, चुकलं माहं. पोरगं राहू द्या तुमच्यापाशी." मला केवढा आनंद झाला! मग ते शेगडीकडे पाहून म्हणाले, "आमच्या लेकीचे, रुपाचे, दिवस भरत आले. तिच्यासाठी अशीच खोली लिंपून घेतो. हे शेगडी बी द्या मले."

मी दुर्गाबाईकडे पाहून मान हलवली, गप्प राहा म्हणून. शेगडी फुटली म्हण, देत नाही म्हण, काहीही म्हण. पण खोली तर ते लिंपणारच होते.

"फट नव्हती म्हूनच मेली ते," दुर्गाबाई म्हणाली. "वाऱ्यानं नाई, इवाई. कोयशाची हवा कोंडली, तिनं. म्या बसून पाह्यलं आत. म्या मारलं माह्या लेकीले. रुपाची खिडकी नका बुजवू."

उकंडरावांनी टोपी डोक्यावर घातली. मग उठले, माझ्या मांडीवरून पोर उचललं आणि मागे न पाहता एस.टी.च्या रस्त्याला लागले. दुर्गाबाई दारापर्यंतही गेली नाही. मला तिचा संताप आला होता. आजही येतो, आणि तिच्यापुढे माझीच मला लाजही वाटते.

नंतर तिने त्या झाकणाचा काठ पाट्याच्या वरवंट्याने ठेचून काढला.

महिनाभराने ती आमच्याकडच्या मालेगावला गाडी बदलून मेडशीला गेली. नातवाला दाखवलं नाही. दारातूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली.

"रुपाले पोरगी झाली," ती म्हणाली. "घराच्या मागून आली मी. खिडकी उघडी होती वं."

आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली.