हरवलेलं दोनशेचं माप

अयोध्या माझी धाकटी जाऊ. आमच्या चुली कधी वेगळ्या झाल्या नाहीत आणि आमची भांडणंही कधी मिटली नाहीत. मी या घरात आले त्याच्या तिसऱ्या वर्षी ती आली, त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. हदगावच्या बाजारात आम्ही दोघी भाजी घेऊन बसतो. मी ओरडते, ती तोलते. तिनं पारड्यात वांगी टाकली की तराजू जागच्या जागी थांबतो. शिवणकामही तसंच. गोधडीला तिनं घातलेला टाका शोधून काढावा लागतो. तिला मूलबाळ झालं नाही. माझा दयानंद तिच्याच मांडीवर वाढला. आईनं मला नुसता जन्म दिला, असं तो अजून चारचौघांत सांगतो आणि मला ऐकून घ्यावं लागतं.

आठ वर्षांमागं ती लातूरला भावाकडं गेली ती दोन महिने आलीच नाही. गर्भपिशवी काढली, असं माझ्या दिरानं, शेषेरावनं सांगितलं. आमच्याकडं घरटी एका बाईची तरी पिशवी काढलेली असते, त्यामुळं कुणी जास्त खोदून विचारत नाही. मीही विचारलं नाही. पण परत आली ती अयोध्या निराळी होती. न्हाणीला दार असूनही आतून लुगडं बांधायची. भिंतीकडं तोंड करून झोपायची. दयानंद सुट्टीला आला आणि लहानपणासारखा गळ्यात पडायला गेला, तर हिनं त्याला हातभर लांब धरलं आणि नुसता डोक्यावरून हात फिरवला. उजव्या हातानं तोलायचं आणि डावा हात सदा छातीवर, पदर मुठीत.

त्याच वर्षी घरातल्या दोन वस्तू गेल्या. एक सासूबाईंची बोरमाळ आणि दुसरं तराजूचं दोनशे ग्रामचं माप. माप गेल्यावर पावकिलो कसा तोलायचा? मी दोनशेच्या वजनाचा एक दगड शोधून आणला, तर गिऱ्हाईक त्या दगडाकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागलं. माप मलप्पानंच उचललं, असं मी धरून चालले. हा देगलूरकडचा लसूणवाला, आमच्याच शेजारी बसायचा. त्याच्याशी मी बोलणं टाकलं. लसूणही दुसरीकडून घ्यायला लागले.

बोरमाळीचा संशय मात्र घरातच होता. एकदा टमटम खड्ड्यात आदळली आणि माझं कोपर अयोध्येच्या छातीला लागलं. आत टणक लागलं. हाडाचं टणक मला कळतं, हे तसं नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि बाहेर बघायला लागली. पण त्या दिवसापासून मनात पक्कं बसलं की बोरमाळ हिनं झंपरात शिवून ठेवली आहे. थोरली सून म्हणून पहिला हक्क माझा, आणि ही उरावर बाळगून हिंडते.

मागच्या हिवाळ्यात दयानंदला बेंगलोरला मुलगी झाली. बारशाला दोघींनी यायचंच म्हणून त्यानं नांदेडहून विमानाची तिकिटं काढली. शेषेरावचे गुडघे गेलेले, ते घरीच राहणार होते. मी चार जणींना विमानाचं सांगून आले. त्यातल्या एकीनं सांगितलं की तिथं एक मशीन असतं, त्यात माणूस कापडाशिवाय दिसतो, आणि दिसलेलं सगळं ते लोक ठेवून घेतात. मला ते खरं वाटलं. ज्यांना आपली पिशवी उघडल्याशिवाय चैन पडत नाही त्यांचा काय भरवसा.

अयोध्येनं हे ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्या आठवड्यात तिनं दयानंदला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा एकच विचारलं, तिथं अंगाला हात लावतात का. त्यानं समजावलं की बाईमाणसाला बाईच तपासते, तेही पडद्याआड, हातातलं यंत्र वरून फिरवते आणि सोडून देते. यावर ही म्हणाली, मी आपली मुदखेडहून रेल्वेनं येते. त्यानं ऐकलं नाही. काकीच्या मांडीवर दिल्याशिवाय पोरीचं नावच ठेवणार नाही म्हणाला. मग तिचा इलाज चालेना.

तिला एकच भीती होती, की कुणाचा हात आपल्या झंपरापर्यंत जाऊ नये. आणि मला एकच आस होती, की तो जावा.

विमानतळावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तिथं सगळे एकमेकांकडं चोरासारखे बघत होते, त्यामुळं मला बाजारात आल्यासारखं वाटलं. चपला, पिशव्या, माझी पानाची चंची, सगळं परातीत घालून मशीनखाली सरकवायला लावलं. माझ्या पिशवीत बारशाच्या घुगऱ्यांसाठी घरचे दोन किलो हरभरे होते. दाणा न् दाणा मी निवडला होता. पडद्यासमोर एक माणूस बसलेला. त्यात कापडाशिवाय कोण दिसतंय ते बघायला मी मान लांब केली. नुसते माझे हरभरे दिसले.

बायकांच्या रांगेत अयोध्या माझ्या पुढं होती. डावा हात छातीवर. पडद्यापाशी वर्दीतली एक पोरगी उभी होती. तिच्या बोलण्यावरून मला वाटलं मुदखेडकडची असावी, आणि निघालीही तिकडचीच. तिनं अयोध्येला आत घेतलं. मी पडद्याला खेटून उभी राहिले. यंत्र एकदा ओरडलं. पोरीनं हळू विचारलं, मावशी, काय आहे आत? अयोध्या म्हणाली काही नाही, हूक असतील. यंत्र परत ओरडलं. हूक असं ओरडत नसतात, हे मलाही कळत होतं. पोरगी म्हणाली, मावशी, बघावं लागेल.

आठ वर्षांचं माझ्या जिभेवर आलं. मी बाहेरून म्हणाले, "हूकबिक काही न्हाई बाई. झंपरात हाय तिच्या. नीट बघा."

अख्ख्या रांगेनं ऐकलं. पुरुषांच्या बाजूचा एक साहेब चार पावलं पुढं आला आणि काय भानगड आहे म्हणून विचारायला लागला. मागच्या बाया कुजबुजल्या. एकीनं आपली पर्स पोटाशी धरली.

पडद्याची कड सरकली. अयोध्येचा चेहरा कधी नव्हे इतका शांत होता. "अक्का," ती म्हणाली, "तुला लई दिसापासून बघायचंय ना. ये आत."

पोरीनं साहेबाला हातानंच थांबवलं आणि मलाही आत घेतलं. अयोध्येनं पदर खाली सोडला, हूक काढले आणि डाव्या बाजूनं एक कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. बटव्यासारखी, नाडीची, कडेनं तिचा तो न दिसणारा टाका. तिच्या डाव्या बाजूला काहीच नव्हतं. काखेपासून छातीच्या मधोमधपर्यंत एक आडवी शिवण होती, माणसानं माणसाला घातलेली.

मी नाडी सोडली. कापसात गुंडाळलेलं आमचं दोनशेचं माप.

"नुसता कापूस वर सरकायचा," ती म्हणाली. "झंपर एका बाजूला तिरपं व्हायचं. बाजारात सगळ्यांसमोर बसावं लागतं." मग हूक लावता लावता म्हणाली, "बोरमाळ घावली का अक्का?"

त्या पोरीनं काय केलं ते सांगते. तिनं यंत्र बाजूला ठेवलं, आमच्याकडं पाठ केली, आणि पडद्याच्या फटीत स्वतः उभी राहिली. बाहेर साहेब विचारत होता, ती म्हणत होती, दोन मिनिटं सर, मावशींना चक्कर आली आहे. अयोध्या उभीच होती. चक्कर मला आली होती.

पण माप मशीनखालून काढल्याशिवाय सुटका नव्हती. तसा नियमच आहे, ती पोरगी खाली बघून म्हणाली. अयोध्येनं पिशवी परत घ्यायला हात पुढं केला. त्या रांगेसमोर, त्या साहेबासमोर ती पिशवी परातीत घालायची, आणि वर सांगायचं हे कशाचं आहे. मी तिचा हात बाजूला केला. पिशवी आणि कापूस माझ्या कमरेला खोचला, नुसतं माप घेतलं आणि बाहेर आले.

"माझं हाय," मी साहेबाला म्हणाले. "तिच्याकडं दिलं होतं धरायला."

त्यानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि विमानात वजनमाप कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं, बेंगलोरचे भाजीवाले मापात मारतात असं ऐकलंय, आपलं आपल्याजवळ असलेलं बरं. रांग हसली. कुणीतरी मोबाईल वर धरला. मी पदर सारखा केला आणि धरू दिला. साहेब म्हणाला, लोखंड आहे, हे वर नेता येणार नाही. एका खोक्यात कात्र्या, लायटर, चाकू पडले होते, त्यात आमचं माप टाकलं. आठ वर्षांनी सापडलं आणि पाच मिनिटांत परत गेलं.

पलीकडं बायकांच्या संडासात मी दार लावून पाठ टेकली. पिशवी रिकामी, कापूस हलका. अयोध्या आरशात बघत होती आणि पदर कसाही घेतला तरी तिरपा जात होता. मी हरभऱ्याची गाठ सोडली. एक मूठ घातली, दुसरी घातली. तिनं पिशवी तळहातावर घेऊन तोलली.

"अजून थोडे," ती म्हणाली.

मी टाकले. मग तिनं मान हलवली. तिच्या मान हलवण्यापुढं तराजू काय करतो.

विमानात तिला खिडकी दिली. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? "सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडली नसतीस," ती म्हणाली. "लातूरला सगळे हळूच बोलत होते माझ्यासंगं. घरी तरी कुणी धडपणे बोलावं की." मी तिला म्हणाले की एवढं होतं तर मापाच्या जागी दगड घ्यायचास, बाजारात मला दगडानं तोलावं लागलं. तिला हे बरं वाटलं असावं, कारण तिनं लगेच माझ्या लसणाच्या निवडीला नावं ठेवली.

बारशाच्या आदल्या दिवशी दयानंदच्या बायकोनं हरभरे भिजवायला काढले आणि म्हणाली, आई, दोन किलो म्हणाला होतात, हे कमी दिसतात. मी सांगितलं, घरी माप नव्हतं, अंदाजानं घातले. अयोध्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीनं डोकं डाव्या बाजूला टेकवलं, तेव्हा हिनं पहिल्यांदा छातीवरचा हात काढून घेतला.

हे सगळं लिहिलं ते तिला वाचून दाखवलं. शिवणीचं आहे तसंच राहू दे म्हणाली. बोरमाळ अजून सापडली नाही हेही लिही म्हणाली, म्हणजे लोकांना वाटायला नको की अक्काचा संशय गेला.

गावी आल्यावर बाजाराच्या दिवशी मी आठ वर्षांनी मलप्पाशी बोलले, त्याला चहा दिला आणि अर्धा किलो लसूण घेतला. त्यानं चहा हातात धरून ठेवला, प्याला नाही. नंतर उठला, आपल्या तराजूपाशी गेला, आणि आपली मापं एकेक करून मोजली.