साहेबांच्या तोंडून मामा

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझे थोरले मामा उभ्या जन्मात एकदाही बसले नाहीत. लग्नात बोहल्यावर बसले असतील, पण मामी तेही नाकारत. जेवताना ताट हातात घेऊन माजघरातून परसात, परसातून ओसरीवर अशी त्यांची फेरी चाले, आणि मामी आमटीचं भांडं घेऊन मागून. "अवो, देवानं मांडी कशाला दिलीया? जरा टेका की!" त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर, "बसलं की विचार खाली दबतो." न्हावीसुद्धा त्यांची दाढी चालता चालता करी, रंकाळ्याकडे जाताना एक गाल, परतताना दुसरा. टांग्यात घातलं तर पहिल्याच वळणावर उतरून घोड्याशेजारी चालत आणि घोड्याला इंग्रजी व्याकरण समजावत.

मामा कोल्हापुरात इंग्रजीचे मास्तर होते, पण जीव अडकला होता गगनबावड्याजवळच्या आपल्या गावात. गावाला शाळा नव्हती. जवळची शाळा ओढ्यापलीकडे, आणि तो ओढा पावसाळ्यात चार महिने कुणाला पाय टाकू देत नसे. पोरं उन्हाळ्यात शिकलेलं दिवाळीपर्यंत विसरत. महाराज गावोगाव शाळा काढत होते, तरी मामांचे तीन अर्ज कचेरीत कुठेतरी निजले होते. "मी बसत नाही आणि माझे अर्ज उठत नाहीत," म्हणत मामा कचेरीच्या व्हरांड्यात इतके फिरले, की चपलांचे दोन जोड तिथेच संपले.

अशात शहरात मोठी शिक्षण परिषद भरली. वक्ते सिलोनचे, जपानचे, विलायतेचे. मुख्य भाषण विलायतेच्या एका म्हाताऱ्या साहेबांचं, आणि ते मराठीत करून सांगायला मामा. मामांनी गावच्या पाटलांना मुद्दाम बोलावून मागच्या रांगेत बसवलं. मला वाटलं, कौतुकानं.

साहेब सुंदर बोलले. ज्ञानाचा दिवा प्रत्येक झोपडीत पोचला पाहिजे, एवढ्याच अर्थाचं एक वाक्य. मामा व्यासपीठाच्या एका टोकाकडून निघाले. "साहेब म्हणतात, गगनबावड्याजवळ एक गाव आहे. तिथल्या ओढ्याला चार महिने उतार नसतो." साहेबांनी समाधानानं मान डोलावली आणि पुढचं वाक्य टाकलं, ते बहुधा ग्रीसबद्दल होतं. "साहेब म्हणतात, त्या गावात सदतीस पोरं आहेत, आणि अर्ज तीन झाले." मामा टोकापर्यंत जात, गर्रकन वळत, त्यांच्याकडे बघता बघता साहेबांची मान दुखायला लागली असावी. टाळ्या पडू लागल्या. साहेबांना वाटलं, आपल्या ग्रीसला पडताहेत. ते आणखी पेटले.

पहिल्या रांगेत शाळांचं काम पाहणारे दरबारचे एक वृद्ध अधिकारी होते. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. त्यांच्या भुवया पगडीत शिरल्या आणि ते उठू लागले. मी घामाघूम. मामांची नोकरी तर जाणारच, वर गावाची शाळा कायमची गाडली जाणार! मामांनीही त्यांना पाहिलं. पाय मात्र थांबले नाहीत. "साहेब म्हणतात, मागच्या श्रावणात त्या ओढ्यातून येताना एक पोरगी..." एवढ्यावर मामा अडले.

आता मामा नाहीत. शाळा आहे. परवाच जाऊन आलो. मास्तर फळ्यासमोर खुर्चीत निवांत बसून शिकवत होते, आणि मला उगाच चुटपुट लागली.

मंजुरी त्याच अधिकाऱ्यांनी दिली. भाषांतर मात्र त्यांनी माफ केलं नाही. मामांना बोलावून पाऊण तास सुनावलं, आणि मामांनी ते येरझारा घालत ऐकलं. शाळा दिली ती पाटलांमुळे, असं पुढे ते अधिकारी स्वतःच मला म्हणाले. मामा अडलेले, अधिकारी अर्धवट उठलेले, तेवढ्यात मागच्या रांगेत पाटील उभे राहिले, डोक्याचा पटका हातात धरून, आणि विलायतेच्या साहेबांकडे बघत सगळ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाले, "आवं पावणं, आमच्या गावात आजवर एक अंमलदार फिरकला न्हाय, तुमी कवा येऊन गेलासा?"