सुटलेला हात

हे गेल्यावर मी मुलाकडे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला राहायला आले. आमच्या खालच्या मजल्यावर माझ्याच वयाच्या एक ग्रीक बाई राहतात. जर्मन आम्हा दोघींचं बेताचंच, तरी जिन्यात भेटल्या की माझा दंड धरून काहीतरी सांगत राहतात. एका शनिवारी त्या मला आणि सूनबाईला त्यांच्या लोकांच्या हॉलवर घेऊन गेल्या. तिथे दर शनिवारी नाच असतो.

वाजवणारे तिघं होते. एकाकडे क्लॅरिनेट, आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये असतं तसंच, पण याचा सूर रडवेला. एकाच्या गळ्यात ढोल. तिसऱ्याच्या मांडीवर मोठ्या पोटाचं तारांचं वाद्य, त्याला लाऊतो म्हणतात. सगळ्यांनी हात धरून ओळ करायची आणि पाय जरा ओढत उजवीकडे सरकायचं. सगळ्यात पुढचा माणूस रुमाल हलवत गिरक्या घेतो, बाकीचे त्याच्या मागे साधे चालतात. लहानपणी मी झिम्मा पुष्कळ खेळलेय. बसल्या बसल्या टेबलाखाली माझे पाय ताल धरायला लागले. ते बाईंनी पाहिलं आणि मला उठवून ओळीत उभं केलं.

माझ्या डाव्या हाताला त्या. उजवीकडे पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते, त्यांनी हात पुढे केला. मी धरला आणि कळलं की त्यांची मधली दोन बोटं नाहीत. नुसते गुळगुळीत खुंट. चटका बसावा तसा मी हात काढून घेतला. ओळ तुटली, मागच्या बायका आमच्या अंगावर आल्या. गृहस्थांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला.

सूनबाई धावत आली. त्यांच्याशी जर्मनमध्ये काहीतरी बोलली, मग माझ्या कानाशी म्हणाली, "आई, घाबरू नका. मी सांगितलंय त्यांना, आमच्याकडे बायका परक्या पुरुषाचा हात धरत नाहीत म्हणून."

मी मान खाली घातली. ती लाजच वाटली असणार सगळ्यांना. गृहस्थांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले. त्यांच्या आईच्या गावीही पूर्वी असंच होतं म्हणे, बाईमाणूस आणि परका पुरुष यांच्यामध्ये रुमाल धरायचे. त्यांनी इस्त्रीचा रुमाल काढून एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते धरून नाचले.

घरी येताना सूनबाईने बाईंकडून ऐकलेलं सांगितलं. तो लाऊतो आधी हेच गृहस्थ वाजवायचे. कारखान्यात मशीनमध्ये डाव्या हाताची बोटं गेली, वाजवणं संपलं. बाई म्हणाल्या होत्या, "नाचात तरी सगळे त्यांचा हात धरतात."

मी कांद्याच्या शेतात मजुरी केलेली बाई. टेंपोत चढताना जो वर उभा असेल त्याचा हात धरायचा, हीच आमची रीत. एसटीच्या कंडक्टरनेही मला हात देऊन ओढून घेतलंय. मी हात सोडला तो त्या खुंटांची किळस आली म्हणून. सूनबाईला जे खरं वाटलं ते ती बोलली. खोटं मी केलं, तोंडातून शब्द न काढता.

तेव्हापासून दर शनिवारी ते माझ्या उजवीकडे उभे राहतात आणि धुतलेला रुमाल पुढे करतात. बायका मला मान देतात. एकीने तर आपल्या नातीला माझ्याकडे बोट दाखवून काही समजावलं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं होतं.

गेल्या शनिवारी मी ठरवून गेले. त्यांनी रुमाल दिला, तो घेऊन मी खुर्चीवर ठेवला आणि माझा हात पुढे केला. खरं काय ते सांगण्याइतकं जर्मन मला येत नाही. त्यांनी नकारार्थी मान हलवली, तोच तुटका हात छातीवर ठेवला आणि मला कळावं म्हणून सावकाश, सोप्या जर्मनमध्ये म्हणाले, "नाइन. माझ्यासाठी रीत मोडू नका. मला वाईट वाटलेलं नाही."

आणि जाऊन तो रुमाल परत घेऊन आले.

क्लॅरिनेट सुरू झालं. आमच्यामध्ये वीतभर कापड ताणलेलं, आणि मी त्यांच्या मागे पाय ओढत चालत होते. समोर बसलेली सूनबाई माझ्याकडे कौतुकाने बघत होती.