एक गाव सोडायचं

सहदेव परबचा हात जड. घाटकोपरला टायरच्या दुकानात ट्रकची चाकं उतरवून तो तसा झाला, असं मालक सांगतो, पण ते खरं नाही. तो हात त्याला बापाकडून आला. भाऊराव परब गिरणी बंद पडल्यावर घरी बसला आणि बसल्या बसल्या मारू लागला. पट्टा, लाटणं, हाताला लागेल ते. एकदा त्याच्या थपडेने बायकोचा, जानकीचा, डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून असल्फ्याच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत जो तो तिच्या उजव्या बाजूला बसून बोलायचा. शेजारणीसुद्धा.

पोरांनी बापाचं नेमकं हेच उचललं. सहदेव आणि धाकटा सुयोग भांडले की रक्त निघाल्याशिवाय सुटत नसत. सुयोगचा पुढचा दात सहदेवच्या गुडघ्याने पडला, सहदेवच्या भुवईवरची खूण सुयोगने फेकलेल्या सांडशीची. मिसरूड फुटल्यावर सहदेवने बापाचं मनगट पिरगळून मोडलं, आणि भाऊरावने गावची वाट धरली.

पुढे घरात कोणाचातरी जुना कॉम्प्युटर आला. त्यात एक खेळ होता: राज्य उभारायचं, सैन्य पोसायचं, दुसऱ्याची शहरं घ्यायची. जानकीने तो दोन दिवस पाहिला आणि फर्मान काढलं.

"काय भांडाचा ता थंय भांडा. तोंड मिटून. हात उगारलो तर जेवण नाय."

एकाने चाल करायची तेव्हा दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं. खेळ संपेपर्यंत बोलायचं नाही, कारण या घरात तोंडावरून हातावर यायला वेळ लागत नसे. हरत आलेल्याने पांढरं निशाण काढायचं, मग तह. आणि तो खेळच असा होता, की तहात जिंकणाऱ्याला एक तरी गाव सोडावंच लागे. घरातही तसंच ठरलं. पोटमाळा सहदेवने जिंकला तर खिडकी सुयोगची. इतकी वर्षं कोणी कोणाच्या अंगाला बोट लावलं नाही. अख्ख्या आळीला जे जमलं नाही ते एका खेळाने केलं. हसायचं तर हसा.

जानकी गेली, आणि पुढच्या वर्षी गावाहून फोन आला. भाऊरावचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, बघणारं कोणी नव्हतं.

"इथे आणतो त्यांना," सुयोग म्हणाला.

"आईच्या जागेवर? दुसरं मनगट पण मोडीन त्याचं."

"दादा, म्हातारा झालाय रे तो."

"आई कुठे झाली म्हातारी?"

सुयोग म्हणाला, "खेळूया."

जुना कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता. सुयोगच्या लॅपटॉपवर त्याच खेळाचा नवा भाग होता. चित्रं झकास, आगीचा धूर खरा वाटावा असा. सहदेव मनाशी ठरवूनच बसला. जिंकायचं, आणि तहात एक गाव सोडायचं: गणपतीत बापाने यावं, तेवढे दिवस आपण दुकानात झोपू.

दुपारपर्यंत सुयोगची नदीकाठची शहरं पडली. सहदेव निशाणाची वाट बघत होता. येईना. माज आहे साल्याला, असं म्हणून त्याने कोठारं पेटवली. पळणाऱ्या बायापोरांवर घोडे घातले. तरी निशाण नाही. मग बंदर जाळलं, मग विहिरी प्रेतांनी बुजवल्या. दर खेपेला भिंतीकडून वळून बघावं, तर सुयोगने उरलीसुरली माणसं पुन्हा अंगावर सोडलेली.

आणि सुयोग दर चालीला निशाणाचं बटण शोधत होता. ते नव्हतंच. कंपनीने नव्या भागातून तहच काढून टाकला होता. विचारावं तर आईचा नियम आड आला. निशाण नाही हे दादालाही दिसतंय, तरी वरून गंमत बघतोय, सोडायचंच नाही म्हणतोय, असं त्याने धरलं. शेवटी त्याच्या राजाचं मुंडकं भाल्यावर चढलं आणि खेळ थांबला.

"एक गाव नाही सोडलंस," सुयोग म्हणाला. "बापाचाच आहेस तू."

सहदेवचा हात उठला. थप्पड अशी बसली की सुयोग कपाटावर आदळला. उठला तो लॅपटॉप घेऊनच, आणि त्याने तो भावाच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. सहदेवने त्याला केसांनी धरून उंबऱ्यावर आपटलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या. चाळीतल्या माणसांनी ओढून काढेपर्यंत घालत राहिला. त्याच संध्याकाळी सुयोग मुलुंडला मित्राकडे गेला. पुढे तिथेच खोली घेतली आणि बापाला आणलं. वर्षभर दोघांत शब्द नाही.

मग एके दिवशी दुकानात चहा पिताना सहदेवला मोबाईलवर जाहिरात दिसली. त्याच खेळाची पुरवणी, वेगळे पैसे. पांढरं निशाण, तह, हरणाऱ्याला एक गाव: आता नव्याने! आपल्याच ताटातलं मीठ उचलायचं आणि पुडी बांधून आपल्यालाच विकायचं, असले हे चोर. पण सहदेवला शिवी सुचली नाही. त्याने चहा तसाच खाली ठेवला. सुयोगने निशाण काढलं नव्हतं असं नाही, त्याला काढताच आलं नव्हतं.

हात न धुता त्याने स्कूटर काढली.

मुलुंडला दार सुयोगनेच उघडलं. सहदेव जिन्यावरूनच बोलत आला. "त्यात निशाण नव्हतंच रे. मी वाट बघत होतो. सोडणार होतो मी एक गाव, आईशपथ."

सुयोगच्या कपाळाला आठी पडली. "काय?"

आतून भाऊरावचा बोबडा आवाज आला, "कोण इलो रे?" सुयोगला तो ऐकूही गेला नाही. त्याने मान वळवली आणि उजवा कान पुढे केला. आई करायची तसाच.

सहदेव मुकाट्याने सरकून त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिला. पायांना सवय होती.